मांजरी, नग पाच

नाशिक, १८ एप्रिल १९७९

चि. सगुणा,

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. नऊ वर्षांनी. पोस्टमन दारातून ओरडला, "बाई, नागपूरचं हाय," तेव्हा मला वाटलं पेन्शनीचं काहीतरी असेल. तुमचा नागपूरचा पत्ता केरूच्या हातचा दिसतो. वाचता आला. मागच्या बाजूला तुझं अक्षर. तुझा 'ळ' अजून तसाच, एका बाजूला कललेला.

घरमालकाने जागा विकली हे तुला सरुबाईने कळवलं ना? तिच्या पोटात काही राहत नाही. शाळेत शिपाई होती तेव्हाही हेडबाईंच्या टेबलावरची गोष्ट मधल्या सुट्टीत साऱ्या वर्गांना माहीत असायची. असो, बरं केलं तिने. एकतीस मेपर्यंत खोली सोडायची आहे. दुसरी शोधली, नाही असं नाही. पण मांजरी म्हटलं की लोक दार लावून घेतात. आडनाव ऐकून लावतात ते वेगळेच.

तू लिहिलंस, "ये इकडे. आपली टिकली अजून असेल तर तिला आण, तिची मांजरं असतील ती पण आण. त्यांना टाकून आलीस तर दार उघडणार नाही." आईला अट घालतेस होय गं? वाचून राग यायला हवा होता. आला नाही. कार्ड परत परत वाचलं आणि मग उगाच चुलीवरचं आधण ओतून दिलं, चहा न करताच.

तर ऐक. टिकली आहे. अकरा वर्षांची झाली, एक दात पडला, पण दुधाच्या भांड्याचा आवाज तिला गल्लीच्या टोकाला ऐकू येतो. तिच्या पोरी-नाती मिळून चार: सुपारी, भुरी, ढवळी आणि शेंडीवाली. बोके थांबत नाहीत, वयात आले की जातात. उरल्या सगळ्या माद्या. तेव्हा 'मांजरं' नव्हे, 'मांजरी'. सगळ्या माद्या असल्या की स्त्रीलिंगी अनेकवचन लिहायचं. बाईंची मुलगी आहेस, एवढं तरी लक्षात ठेव.

येते मी. पाचही घेऊन येते.

तुझी आई

नाशिक, २ मे १९७९

चि. सगुणा,

तुझं दुसरं कार्ड आलं. तीनच ओळी, पण आल्या. रेल्वेचं विचारलंस. नाशिकरोडला जाऊन आले. मांजरी डब्यात नेता येत नाहीत, शेवटच्या, गार्डाच्या ब्रेकच्या डब्यात टोपलीत ठेवायच्या. रात्रभर तिथे त्या एकट्या, आणि मी दहा डबे पुढे. स्टेशनावर कुणी उतरवल्याच नाहीत तर? मला ते पटलं नाही.

इथल्या द्वारकेच्या चौकात ट्रान्सपोर्टचा अड्डा आहे, तिथून नागपूरला ट्रक सुटतो. घरसामान त्यानेच जायचं आहे, मांजरीही त्यानेच पाठवते. तिथला हमाल पुंजाराम माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. शिकला म्हणजे काय, बसला! पण माणूस मायाळू. गाडीबरोबर तो नागपूरपर्यंत जातो. म्हणाला, "बाई, म्या हाय ना. जागोजाग पानी दाखवीन, दूध पाजीन. तुमी काळजी करू नगा." ड्रायव्हर खंडेराव कुरकुर करील असं वाटलं होतं. तो हसला. "मांजर आडवं गेलं तर गाडी उभी करतो मी. आत बसलेलं आडवं कसं जाईल?"

मी मागाहून येते. पेन्शनीच्या कागदांवर सह्या व्हायच्या आहेत, त्या दहा-बारा तारखेपर्यंत होतील. सामान आणि मांजरी पोचल्या की तू तार कर, मग मी गाडीत बसते.

आता एक लिहायचं आहे ते लिहून टाकते. केरूच्या त्या पत्राबद्दल. माझ्याकडे त्याने तुझा हात मागितला होता आणि मी ते पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलं. सतरा चुका. 'मी रेल्वेत फिटर शे' यात 'आहे'च्या जागी आलेल्या 'शे'खाली मी दोन रेघा मारल्या होत्या. तू दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गेलीस. जाताना टिकलीला मागितलंस, मी तीही दिली नाही. मांजर घराचं असतं म्हणाले. खरं सांगायचं तर मला तुझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं.

तो कळवणकडचा, सातवी झालेला, म्हणून मी त्याला हिणवलं असं तुला वाटत असेल. तसंच आहे. पण मी पहिलीत 'हाय' म्हटलं होतं तेव्हा सगळा वर्ग हसला होता. आम्हाला दाराबाहेर बसवायचे ते बसवायचेच, वर हसायचे. त्या दिवसापासून मी ठरवलं की माझ्या बोलण्यात कुणाला एक काना सापडता कामा नये. आपण चार अक्षरं शुद्ध बोलून वर आलो, आणि माझी एकुलती एक लेक पुन्हा त्याच 'हाय'-'नाय'मध्ये निघाली, हे मला सहन झालं नाही. ही काही सबब नव्हे. काय झालं होतं ते सांगितलं.

आई

नाशिक, ८ मे १९७९, मंगळवार

चि. सगुणा,

गेल्या बाई एकदाच्या! घर इतकं शांत आहे की मला माझ्याच बांगड्या ऐकू येतात.

सहादू सुताराने खोका छान केला. चारी बाजूंनी फळ्या, झाकणाला बोटभर भोकं, आत गवत, पाण्याची वाटी खिळ्याने पक्की बसवलेली. सुपारी आणि भुरी मुकाट्याने शिरल्या. ढवळीने सहादूला ओरबाडलं. शेंडीवालीला माळ्यावरून काढायला तास गेला. टिकलीला मी शेवटी ठेवलं. तिने काही केलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुढचे पाय पोटाखाली घेऊन बसली. मी तिला सांगितलं, सगुणाकडे चालली आहेस. म्हातारपणी वेडी झालीस म्हणशील, पण तिला कळलं असं वाटलं.

एक गंमत सांगते. पुंजाराम हातगाडी घेऊन आला आणि मी आत पैसे काढायला गेले तेवढ्यात त्याने खोक्यावर खडूने लिहून ठेवलं, 'मांजरं हायेत. दमानं.' शिवाय एक मांजराचं तोंड काढलं, मिशांसकट! म्हणाला, "आमची वळख हाय बाई. वीस गाड्यांचा माल पडलेला आसतो, माझ्या हाताचं दिसलं की मी हुडकतो." मी म्हटलं, अरे पुंजा, चार वर्षं मी तुला हेच शिकवलं का? ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. असली अशुद्ध अक्षरं घेऊन माझा माल महाराष्ट्रभर हिंडणार की काय? शेजारून काळा रंग आणला आणि चारी बाजूंना स्वतः लिहिलं: 'मांजरी – ५'. अक्षर असं आलंय म्हणून सांगू! शाळेच्या भिंतीवरचे सुविचार मीच रंगवायची. तुझा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून कणकेच्या खळीने चिकटवला.

पुंजाराम जरा हिरमुसला. त्याला चहा दिला, तेव्हा गेला.

ट्रक उद्या पहाटे निघेल, शुक्रवारपर्यंत पोचेल. टिकली तुला ओळखेल का? नाही ओळखलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, तिला दोन दिवस दे. दूध कोमट लागतं. माझ्याबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मी विचारत नाही. तू तिला मांडीवर घे, मग मी येते.

आई

नाशिक, १२ मे १९७९

चि. सगुणा,

तार मिळाली. "सामान मिळाले. मांजरे नाहीत. कळव."

काळजी करू नकोस. ऊन फार झालं म्हणून ऐन वेळी मी खोका ठेवून घेतला. तुला कळवायचं राहून गेलं. मांजरी माझ्याजवळ आहेत, मजेत आहेत. टिकली आत्ता पायाशीच बसली आहे. मी त्यांना रेल्वेने घेऊन येते, थोडे दिवस लागतील. पेन्शनीच्या सह्या अजून अडल्या आहेत.

केरूला मुळीच पाठवू नकोस. त्याची रजा फुकट जाईल.

आई

नाशिक, १५ मे १९७९

सगुणा,

मागचं पत्र खोटं होतं. माझ्याजवळ एकही मांजर नाही.

तुझी तार वाचली. तशीच द्वारकेला गेले. अड्ड्यावरचा कारकून म्हणाला, घरसामानाची पावती आहे, चौदा नग, गाडी गेली, आता पुंजाराम परत आल्याशिवाय काय सांगणार? मी म्हटलं जिवंत प्राणी आहेत हो त्यात. तो म्हणाला, "बाई, माल माल असतो." तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन बसले. पोत्यांच्या मागे वाकून हाका मारल्या. लोक हसत होते, हसू देत.

आज पुंजाराम आला. मला बघून त्याने आनंदाने विचारलं, "काय बाई, मांजरं आगगाडीनं न्यायचं ठरिवलं ना?" मी म्हटलं, अरे खोका कुठे आहे? त्याचा चेहराच उतरला. पहाटे अंधारात गाडी भरताना तो सवयीने स्वतःचा खडू शोधत होता. मिशांचं तोंड शोधत होता. मी पुसलं हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. खोका दिसला नाही, तेव्हा त्याला वाटलं बाईंनी विचार बदलला. बाईंना विचारायला पहाटे कोण जाणार? गेला तो.

मग कारकुनाने दुसरी वही काढली. पुण्याच्या गाडीच्या पानावर बोट फिरवत फिरवत थांबला आणि म्हणाला, "एक लाकडी पेटी मांजरीला गेलीय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मांजरीला नाही, मांजरी आहेत त्यात. तो म्हणाला, "मांजरी गाव हाय बाई. पुण्याजवळ, हडपसरच्या पुढं."

तिथे मालावर गावाचं नावच मोठ्या अक्षरांत लिहितात, सगुणा. प्रत्येक पोत्यावर, प्रत्येक खोक्यावर: विंचूर, कळवण, सटाणा. मी इतके दिवस तिथे बसून ती नावं वाचत होते. पत्त्याचा कागद कुठे गेला कोण जाणे. अड्ड्यावर शेळ्या हिंडतात, कणकेची खळ त्या सोडत नाहीत. राहिलं ते माझं सुंदर अक्षर. मला मांजरी नावाचं गाव माहीत नव्हतं. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो, मी तीस वर्षं तेवढाच शिकवला.

'मांजरं हायेत' राहू दिलं असतं तर बिनचूक तुझ्या दारात उतरली असती.

आज आठवा दिवस आहे. कारकुनाने पुण्याला फोन लावला, लागला नाही. उद्या पहिल्या एसटीने जाते. पत्र आज टाकावं की नाही ते ठरत नाही. काही हाती लागलं तर त्याच्यासकट कळवीन.

नाशिक, १९ मे १९७९

सगुणा,

वरचं पत्र टाकलं नाही, याच्याबरोबर देते आहे. दोन्ही वाच, आधी ते, मग हे.

सोळा तारखेला पहाटे मी कुलूप लावत होते, तर समोरून केरू येताना दिसला. तुला माझं पत्र पटलं नाही, म्हणून तू त्याला पाठवलंस. नऊ वर्षांत मी त्याला बघितलं नव्हतं. डोक्याला पुढून टक्कल पडलंय. त्याने माझ्याकडे बघितलं, रिकाम्या खोलीत एकदा नजर टाकली आणि विचारलं, "बाई, कुठं जायचं हाय?" मी सांगितलं. त्याने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

एसटीत दोघं शेजारी बसलो. संगमनेरला गाडी थांबली. तिथे त्याने मला उसाचा रस आणून दिला. "प्या बाई, ऊन लय हाय," म्हणाला.

मांजरी गाव रेल्वेच्या रुळाला लागून आहे. ट्रान्सपोर्टचं गोदाम म्हणजे पत्र्याची शेड. तिथला माणूस चांगला वागला. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं मला. म्हणाला, "पेटीवर गावाचं नाव, पुढं पाच. म्हंजे नग पाच. एकच आला, चार यायचे म्हणून बाजूला ठेवली. पाची मिळून कोणीतरी न्यायला येईल की." वर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकल्या होत्या. मग लग्नाची दाट तीथ आली, सगळे वऱ्हाडाला गेले, शेड चार दिवस बंद होती. राखणदार म्हणाला, "पहिल्या रातीला मांजर वरडत होतं खरं. म्हटलं शिरलं आसंल आत, उंदरं तरी खाईल."

मी पुढे झाले. केरूने मला हाताला धरून बाहेर आणलं आणि बाभळीखाली बसवलं. "तुम्ही नका बघू." मी ऐकलं. तुला ठाऊक आहे, मी कधी कुणाचं ऐकत नाही. आतून खिळे निघाल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट अंगात नव्हता, खोक्यावर पांघरला होता.

मी विचारलं, टिकली?

"पाची हायेत बाई," म्हणाला.

एकही नाही वाचली, सगुणा. एक जरी वाचली असती तर मी ती छातीशी धरून नागपूरपर्यंत उभी आले असते. उसाच्या कडेला जागा मिळाली. फावडं मागून आणलं त्याने, खड्डा त्याने केला, उतरवलंही त्यानेच. मी मातीची एक मूठसुद्धा टाकू शकले नाही. तो घाम पुसत उभा राहिला आणि त्याने हात जोडले, मग मीही जोडले. टिकली तुझी होती. नऊ वर्षांपूर्वी दिली असती तर तुझ्या घरात पाय ताणून म्हातारी होऊन मेली असती. मी तिला तुझ्यापासून तोडलं आणि परत देताना असं केलं. मला क्षमा कर असं लिहायला पेन उचललं होतं, पण ते शब्द लिहवत नाहीत.

येताना एसटीत अंधार पडल्यावर तो बोलला. खिडकीबाहेर बघत बोलला, म्हणजे मला लाज वाटू नये.

"बाई, सगुणाला मी सांगतो. मांजरांच्या खोक्यासाठी मीच मागून येगळा पत्ता लिहून धाडला हुता, तो चुकला, म्हणून खोका भलतीकडं गेला. तुमचं नाव नाय यायचं."

मी म्हटलं, अरे, पण ती तुझ्यावर चिडेल. जन्मभर बोलेल तुला.

तो हसला. तोंड भरून हसला गं. म्हणाला, "माझ्या चुका तिला सवयीच्या हायेत. तुमची एक तिला झेपायची नाय. तुम्ही चला. लेकीजवळ राहा."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही, म्हणूनच मला ते सोसवेना. पत्रातल्या सतरा चुका मी मोजल्या आणि हा माणूस मला दिसलाच नाही. तुला एकोणिसाव्या वर्षी दिसला.

तर आता तो घरी आला की तुला हीच गोष्ट सांगेल, अगदी शपथेवर सांगेल. विश्वास ठेवू नकोस. पत्ता त्याने एकच लिहिला होता, वळणदार नसेल, पण पिनकोडसकट बरोबर. चूक माझी. खडू मी पुसला, रंग मी लावला, आणि वर तुला लिहिलं की टिकली पायाशी बसली आहे.

त्याच्या म्हणण्यावर तू दार उघडशील, मला माहीत आहे. मी आत येईन, आणि तो रोज माझ्यासमोर ताटावर बसेल, माझं पाप स्वतःच्या माथी घेऊन, आणि तू त्याला घालून पाडून बोलशील, आणि मी भाकरी खात ऐकत राहीन. ते मला जमणार नाही. आणि खरं सांगून वर तुझ्या दारात उभं राहावं, तर तेवढं तोंड मला उरलं नाही. तू अट घातली होतीस ती रास्त होती. सरुबाईने तिच्या ओसरीवर जागा देते म्हटलंय. माझ्यापुरती पुष्कळ आहे.

सामान तिकडेच राहू दे. भांडी वापर. गोधडी केरूला दे, त्याला रात्री थंडी वाजते असं दिसलं.

तो आत्ता स्टेशनावर गेला आहे. स्वतःचा पास असताना माझ्यासाठी तिकीट काढायला गेला आहे, खिडकीजवळची जागा बघतो म्हणाला. माझी ट्रंक त्यानेच दोरीने बांधून दाराशी ठेवली. परत आला की हे पाकीट त्याच्या हातात देईन आणि ट्रंक आत ओढून घेईन. तिकीट परत कर म्हटलं की तो ऐकायचा नाही, हुज्जत घालील. तू त्याला रागावू नकोस.

आई